खरं सांगण्याची किंमत : बंदूक, गांजा आणि एका फॉर्मवरचा प्रश्न



राज्यसंस्था आणि सत्य हा आपल्या या मालेचा धागा. आज त्यातलाच एक छोटा, वरवर अगदी कारकुनी वाटणारा विषय घेऊ. अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक विकत घ्यायची तर एक फॉर्म भरावा लागतो. त्याचा क्रमांक ४४७३. नाव, पत्ता, जन्मतारीख झाली की ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा चौकटींची एक रांग लागते. तुमच्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आहे का? तुम्ही फरारी आहात का? त्याच रांगेत आणखी एक प्रश्न असतो. त्याचा आशय असा : तुम्ही गांजाचे किंवा इतर कुठल्याही नियंत्रित अमली पदार्थाचे बेकायदा सेवन करणारे, किंवा त्याच्या आहारी गेलेले आहात का?

‘होय’वर खूण केली की विक्री तिथंच थांबते. ‘नाही’वर खूण केली आणि ती जाणूनबुजून खोटी असली, तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आता प्रश्न बघा. उत्तर देणाऱ्या माणसाशिवाय त्याचं खरं उत्तर बहुधा कुणालाच ठाऊक नसतं. राज्यसंस्था नागरिकाला विचारते आहे : तू कायदा मोडतोस का, ते तूच सांग. हे असं विचारणं कुठून आलं आणि त्यातून काय झालं, हे आज आपल्याला पाहायचं आहे.

त्यासाठी थोडं मागं जाऊ. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ‘स्टार चेंबर’ नावाचं न्यायालय होतं. तिथं माणसाला आधी शपथ घ्यायला लावत, की मी विचारलेल्या सगळ्याची खरी उत्तरं देईन. आरोप काय, हे मागाहून कळे, कधी कळतही नसे. बेकायदा पुस्तकं आणल्याच्या संशयावरून जॉन लिलबर्न या तरुणाला १६३७ साली पकडलं. त्यानं ती शपथ घ्यायला साफ नकार दिला. माझ्याच तोंडून माझा गुन्हा वदवून घ्यायचा तुम्हाला अधिकार नाही, असं त्याचं म्हणणं. १६३८ मध्ये त्याला लंडनच्या रस्त्यांवरून फटके मारत नेलं. पण १६४१ मध्ये ते न्यायालयच रद्द झालं आणि लिलबर्नचा नकार कायद्याच्या परंपरेत मुरला. अमेरिकेत १७९१ मध्ये पाचव्या घटनादुरुस्तीनं त्याला लेखी रूप दिलं : फौजदारी प्रकरणात कुणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. आपल्या राज्यघटनेतलं कलम २०(३) याच कुळातलं.

या तत्त्वामागचा विचार नीट लक्षात घ्या, कारण पुढं तो लागणार आहे. सत्य ही चांगली गोष्ट आहे, हे सर्वांनाच मान्य. पण सत्य सांग, आणि सांगितलंस की त्याच सत्याबद्दल तुला शिक्षा करतो, असं म्हणणारी सत्ता माणसाला तीन वाटांच्या तिठ्यावर उभं करते. खरं बोललं तर शिक्षा, खोटं बोललं तर खोटेपणाची शिक्षा, गप्प बसलं तर अवज्ञेची शिक्षा. यातली तिसरी वाट तरी मोकळी ठेवा, एवढंच हे तत्त्व मागतं. गप्प राहण्याची मुभा द्या. खोटं बोलण्याची मुभा त्यात नाही.

आता अमेरिकेच्या विसाव्या शतकात येऊ. शिकागोमध्ये टोळीयुद्ध भडकलेलं. १४ फेब्रुवारी १९२९ ला, व्हॅलेंटाइनच्या दिवशी, तिथं सात जणांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या. मशीनगन आणि आखूड नळीच्या शॉटगन यांना आवर घालावा, असा सूर उमटला. पण अडचण अशी, की अमेरिकी राज्यघटनेत केंद्राचे अधिकार मोजके. बंदुकांवर सरसकट बंदी घालायचा अधिकार केंद्राला आहे का, याची सरकारलाच खात्री नव्हती. मग वाट काढली ती कराची. कर बसवायचा अधिकार तर निर्विवाद होता. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनं अशा प्रत्येक शस्त्राच्या हस्तांतरणावर २०० डॉलर कर लावला आणि नोंदणी सक्तीची केली. त्या काळी २०० डॉलर म्हणजे खुद्द बंदुकीच्या किमतीच्या तोडीची रक्कम. नाव कराचं, हेतू आवर घालण्याचा.

मार्च १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही युक्ती वैध ठरवली. त्यानंतर काही आठवड्यांतच अर्थखात्यानं त्याच साच्यातलं दुसरं विधेयक संसदेत आणलं, गांजासाठी. हॅरी अँस्लिंगर हे तेव्हा केंद्रीय अमली पदार्थ विभागाचे प्रमुख. गांजा ओढला की माणूस खुनी होतो, अशा कहाण्या त्यांनी समितीपुढं मांडल्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या वतीनं डॉ. विल्यम वुडवर्ड यांनी विरोध केला, पुरावा कुठं आहे म्हणून विचारलं. त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. ऑगस्ट १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली. नोंदणी केलेल्याला हस्तांतरण करायचं तर औंसाला एक डॉलर कर, नोंदणी नसलेल्याला १०० डॉलर.

म्हणजे बंदुकीचा कायदा आणि गांजाचा कायदा ही एकाच साच्यातली भावंडं. थोरला १९३४ चा, धाकटा १९३७ चा. ज्या फॉर्मवर आज या दोघांची गाठ पडते, त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधीच त्यांचं नातं जुळलेलं होतं.

दोन्ही कायद्यांत एकच खोट होती. नोंदणी करा, कर भरा म्हणजे काय, तर स्वतःहून या आणि सांगा की आमच्याकडे ही वस्तू आहे. पण ती जवळ असणं राज्याच्या कायद्यानं किंवा दुसऱ्या एखाद्या कायद्यानं गुन्हा असेल तर? मग नोंदणीचा कागद म्हणजे सही केलेला कबुलीजबाबच झाला.

जानेवारी १९६८ मध्ये हेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं थोरल्या कायद्याबद्दल हेच म्हटलं. आरोपी आधी शिक्षा झालेला माणूस, जवळ नोंदणी नसलेली आखूड नळीची बंदूक. न्यायालयानं सांगितलं, की नोंदणी करायला लावणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं. म्हणून नोंदणी न केल्याबद्दल त्याला शिक्षा करता येणार नाही. पुढच्याच वर्षी, मे १९६९ मध्ये, धाकट्याची पाळी आली. हार्वर्डमधून बाहेर पडलेले मानसशास्त्रज्ञ टिमथी लीअरी १९६५ च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या सीमेवरून परत फिरले, तेव्हा टेक्सासमधल्या लारेडो इथं झडतीत गांजा सापडला. ३० वर्षांची शिक्षा झाली. लीअरींचा युक्तिवाद असा, की कर भरायला गेलो असतो तर टेक्सासच्या पोलिसांना माझ्याविरुद्ध आयता पुरावा मिळाला असता. न्यायालयानं एकमतानं तो मान्य केला. दोन वर्षांत दोन्ही भावंडं एकाच दुखण्यानं आडवी झाली. सरकारला सत्य हवं होतं, पण सत्य सांगणाऱ्याला संरक्षण द्यायचं राहून गेलं होतं.

याच दोन निकालांच्या मधल्या काळात आपला फॉर्म जन्माला आला.

पार्श्वभूमी सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. ली हार्वे ऑस्वाल्डनं ती रायफल ए. हिडेल या खोट्या नावानं टपालानं मागवली होती. विचारपूस झाली नव्हती, कारण विचारणारं कुणी नव्हतंच. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. २२ ऑक्टोबर १९६८ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली. टपालानं बंदूक मागवणं बंद झालं, विक्री परवानाधारक दुकानदारामार्फत सुरू झाली, आणि कुणाला बंदूक द्यायची नाही याची यादी ठरली. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरारी, मनोविकारामुळं न्यायालयानं अक्षम ठरवलेले, आणि गांजाचे वा इतर अमली पदार्थांचे बेकायदा सेवन करणारे.

इथं एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हेन्स निकालाची जखम तेव्हा ताजी होती. म्हणून याच कायद्याच्या दुसऱ्या भागात संसदेनं मशीनगन वगैरेंच्या नोंदणीची दुरुस्ती केली. नोंदणीसाठी तुम्ही जी माहिती द्याल ती त्याआधीच्या किंवा त्याच वेळच्या गुन्ह्याबद्दल तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, अशी स्पष्ट हमी घातली. माहिती खोटी दिलीत तर मात्र सुटका नाही. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्त व्यवस्था वैध ठरवली. खरं विचारायचं असेल तर प्रामाणिकपणे कसं विचारावं, याचा हा नमुना. सत्य द्या, त्या सत्याबद्दल शिक्षा नाही. असत्य द्याल तर शिक्षा.

पण साध्या बंदुकीच्या विक्रीसाठी, म्हणजे आपल्या ४४७३ साठी, अशी हमी दिली नाही. कारण कायद्याच्या दृष्टीनं इथं सक्तीच नव्हती. बंदूक घ्या असं कुणी म्हटलेलं नाही. उत्तर द्यायचं नसेल तर दुकानाबाहेर जा. गप्प राहण्याची वाट मोकळी आहे, फक्त तिची किंमत ती वस्तू न मिळणं. आणि ज्याला वाटतं की हा प्रश्न विचारणंच गैर आहे, त्यानं काय करावं? तेही न्यायालयानं डिसेंबर १९६९ मध्ये ब्रायसन खटल्यात सांगून टाकलं. तो खटला कम्युनिस्ट पक्षाशी आपला संबंध नाही असं खोटं प्रतिज्ञापत्र देणाऱ्या कामगार नेत्याचा. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : सरकारच्या प्रश्नाला आव्हान द्यायच्या पुष्कळ रीती आहेत, खोटं बोलणं ही त्यातली रीत नव्हे.

आम्ही नीतिशास्त्र शिकवत होतो त्या काळात हे वाक्य हाती असतं तर वर्गात तासभर त्यावरच घालवला असता. १७९७ मध्ये इमॅन्युएल कांट यांनी फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंट यांना दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. कॉन्स्टंट म्हणत, सत्य सांगण्याचं कर्तव्य फक्त त्याच्याशी, ज्याला त्या सत्यावर हक्क आहे. खुनी दारात येऊन मित्र कुठं आहे विचारतो, त्याचा सत्यावर हक्क कसला? कांट म्हणाले, तसं नाही. मी असत्य विधान करतो तेव्हा त्या एका माणसाला फसवून थांबत नाही. करार, साक्ष, सही या सगळ्यांचा पायाच मी पोखरतो. न्यायालयानं ब्रायसनमध्ये कांटची बाजू घेतली म्हणायला हरकत नाही. पण कॉन्स्टंटचा प्रश्न मिटला नाही. विचारणाऱ्याचा हक्क किती, हा तो प्रश्न.

पुढं काय झालं बघा. १९६८ पासून १९९४ पर्यंत हा फॉर्म केवळ शब्दावर चालला. दुकानदार चौकटी बघे, ओळखपत्र बघे आणि बंदूक देई. मार्च १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी जन्माचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा १९९३ मध्ये झाला, आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयची संगणकीय तपासणी सुरू झाली. दुकानदार माहिती कळवतो, संगणक नोंदी धुंडाळतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं.

आता संगणकाला काय कळतं? शिक्षा कळते, वॉरंट कळतं, न्यायालयाचा आदेश कळतो. एखादा माणूस शनिवारी रात्री घराच्या ओसरीत बसून गांजा ओढतो, हे कुठल्या नोंदवहीत असणार? त्याला कधी पकडलं असेल, चाचणीत तो सापडला असेल, तरच. म्हणून यादीतल्या इतर प्रश्नांची उत्तरं पडताळता येऊ लागली, आणि हा एक प्रश्न जवळजवळ पूर्ण माणसाच्या सचोटीवर सोडलेला राहिला.

त्यात १९९६ साल उजाडलं. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषध म्हणून गांजाला परवानगी दिली. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी मौजेखातर वापरालाही दिली. आज अशी राज्यं २४ आहेत. दुकानाला पाटी, पावतीवर कर, सगळं राजरोस. पण १९७० च्या केंद्रीय कायद्यानं गांजा हेरॉइनच्या पंक्तीला बसवलेला, आणि केंद्राचा कायदा राज्याच्या वर. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही शिक्कामोर्तब केलं.

मग कर्करोगानं वेदना सोसणारी एखादी बाई डॉक्टरांच्या शिफारशीवरून, राज्याचं कार्ड काढून, राज्याला कर भरून गांजा घेते. ती ‘बेकायदा सेवन करणारी’ आहे का? सप्टेंबर २०११ मध्ये बंदुकांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय खात्यानं, म्हणजे एटीएफनं, सगळ्या दुकानदारांना खुलं पत्र लिहिलं : होय, आहे. एवढंच नव्हे, तर गिऱ्हाइकाकडे असं कार्ड आहे हे ठाऊक असेल तर त्याला विकू नका. त्याच सुमारास नेवाडात एका महिलेला दुकानदारानं याच कारणावरून बंदूक नाकारली. तिचं म्हणणं, माझ्याजवळ कार्ड आहे, पण मी गांजा ओढत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानं तिच्या विरुद्ध निकाल दिला. कार्ड आहे यावरून वापराचा कयास बांधणं सरकारला चालेल, असा त्याचा मथितार्थ. त्याच वर्षी फॉर्म सुधारला आणि प्रश्नाखाली ठळक इशारा आला : तुमच्या राज्यात काहीही असो, केंद्रीय कायद्यानं गांजा बेकायदाच आहे.

या इशाऱ्याचं आम्ही स्वागतच करू. संदिग्ध प्रश्न विचारून मागून धरण्यापेक्षा हे बरं. ‘माझ्या राज्यात तर चालतं’ ही सबब आता उरली नाही. पण संदिग्धता पुरती गेली असंही नाही. प्रश्न वर्तमानकाळातला आहे : सेवन करणारे ‘आहात’ का? गेल्या महिन्यात एकदा ओढला तो ‘आहे’ की ‘होता’? वर्षानुवर्षं नियमात असं होतं, की वर्षभरातली शिक्षा किंवा वर्षभरातल्या चाचणीत सापडणं यावरून चालू वापराचा कयास बांधता येईल. म्हणजे प्रामाणिक माणसालाही खरं उत्तर काय, हे धड कळू नये अशी स्थिती. इथंच धर्मराज जागा होतो. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणायला व्याकरणातली फट पुरते. मी ‘सेवन करणारा’ नाही, मी ‘कधीतरी केलेला’ आहे. रथ चार बोटं खाली येतो तो अशाच फटीतून.

खरं सांगितल्याची किंमत काय पडते, याचं एक उदाहरण होनोलुलूचं. हवाई राज्यात बंदुकीची नोंद पोलिसांकडे असते आणि औषधी गांजाची कार्डं राज्य देतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पोलिसांनी काही कार्डधारकांना पत्रं धाडली : ३० दिवसांत बंदुका जमा करा. बोंब उठल्यावर जमा करण्याचा हुकूम मागं घेतला. पण बघा, ही पत्रं गेली कुणाला? ज्यांनी दोन्ही ठिकाणी सरळपणे नावं नोंदवली होती त्यांना. चोरून ओढणाऱ्याला आणि चोरून बंदूक बाळगणाऱ्याला पत्र जाणार कुठल्या पत्त्यावर?

उलट, खोटं बोलणाऱ्याचं काय होतं? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं २०१८ मध्ये हिशेब मांडला. २०१७ च्या आर्थिक वर्षात केंद्रीय तपासणीत सुमारे १,१२,००० खरेदी नाकारल्या गेल्या. त्यातली सुमारे १२,७०० प्रकरणं पुढील तपासाला गेली. केंद्रीय वकिलांनी खटले भरले ते १२. हे आकडे सगळ्या कारणांचे आहेत, केवळ गांजाचे नव्हेत. आणि हे पकडले गेलेल्यांचे. ज्यांचं खोटं संगणकाला कळलंच नाही ते या गणतीत येतच नाहीत. कायदा दहा वर्षांची भीती घालतो आणि व्यवहारात जवळजवळ कुणालाच हात लावत नाही.

अशा कायद्यात एक धोका असतो. सगळेच मोडतात आणि क्वचित कुणाला धरतात, तेव्हा कुणाला धरायचं हे कायदा ठरवत नाही, माणसं ठरवतात. हंटर बायडन यांचा खटला सगळ्यांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी डेलावेअरमध्ये रिव्हॉल्व्हर घेतलं, याच प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं. तिथं पदार्थ कोकेन होता, गांजा नव्हे. बंदूक त्यांच्याकडे जेमतेम ११ दिवस होती. पुढं व्यसनाची कहाणी त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिली आणि सरकारी पक्षानं तेच पुस्तक न्यायालयात ऐकवलं. जून २०२४ मध्ये तिन्ही आरोपांत ते दोषी ठरले, डिसेंबरात अध्यक्ष असलेल्या वडिलांनी माफी दिली. एक बाजू म्हणाली, दुसऱ्या कुणावर असा खटला भरलाच नसता. दुसरी म्हणाली, दुसऱ्या कुणाला अशी माफी मिळालीच नसती. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात, आणि तेच या कायद्याचं दुखणं आहे.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग हा प्रश्नच काढून टाका. थांबा. दुसरी बाजू पाहिल्याशिवाय तो निर्णय करता येत नाही.

१७ जून २०१५ ला साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन इथं इमॅन्युएल चर्चमध्ये एका वंशद्वेष्ट्या तरुणानं प्रार्थनेला जमलेल्या नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्यानं पिस्तूल एप्रिलमध्ये दुकानातून घेतलं होतं. त्याआधी काही आठवडे अमली औषधासह तो सापडला होता आणि ते जवळ असल्याचं त्यानं पोलिसांपाशी कबूलही केलं होतं. ती नोंद तपासनिसाच्या हाती लागली असती तर याच कलमाखाली विक्री थांबली असती. पण कागद कुठल्या पोलीस ठाण्यात आहे याचा घोळ झाला, तीन दिवसांची मुदत उलटली, आणि कायद्याप्रमाणे दुकानदारानं पिस्तूल दिलं. एफबीआयच्या प्रमुखांनी जुलैमध्ये जाहीरपणे ही चूक मान्य केली. त्या नऊ जणांच्या घरच्यांना हा प्रश्न कारकुनी वाटेल का? म्हणून आम्ही म्हणतो, फॉर्मवरची सही ही माणूस आणि सरकार यांच्यातली खासगी बाब नाही. त्या कागदावर न दिसणारा एक तिसरा पक्ष असतो, ज्याच्यावर ती बंदूक कधी तरी रोखली जाऊ शकते.

अलीकडे ही चर्चा वेगळ्या वळणावर गेली आहे. जून २०२२ मध्ये ब्रूएन खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की शस्त्रांवरची बंधनं अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसली पाहिजेत. मग वकील इतिहास उपसू लागले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दारुड्यांबद्दल काय कायदे होते? ऑगस्ट २०२३ मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयानं म्हटलं, नशेत असलेल्याकडून बंदूक काढून घेण्याची परंपरा दिसते. पण कधी तरी नशा करतो म्हणून शुद्धीत असलेल्याचीही बंदूक काढून घेण्याची परंपरा दिसत नाही. त्या खटल्यातल्या मिसिसिपीच्या माणसाला पोलिसांनी अडवलं होतं. गाडीत गांजाची थोटकं आणि दोन बंदुका. महिन्यातले चौदाएक दिवस ओढतो, असं त्यानं विचारल्यावर सांगितलं. नशेची चाचणी कुणी केलीच नाही. त्याच्या खऱ्या बोलण्यावर त्याला जवळपास चार वर्षांची शिक्षा झाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अशाच प्रकारचा एक खटला सर्वोच्च न्यायालयानं सुनावणीला घेतला. निकाल कसाही असो, एक लक्षात ठेवा. बंदूक बाळगण्याचा हक्क आहे की नाही हा एक प्रश्न, आणि फॉर्मवर खोटं लिहिण्याचा हक्क आहे का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘आहे’ असं आलं तरी दुसऱ्याचं ‘होय’ होत नाही. ब्रायसन अजून जागेवर आहे.

आता कुणाला वाटेल, आपल्याला काय त्याचं, आपण कुठं बंदुका घ्यायला निघालोय? पण आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत. नागरिकत्वाच्या अर्जातही अमली पदार्थांबद्दल प्रश्न असतात, आणि मुलाखतीत त्यांची उत्तरं शपथेवर द्यावी लागतात. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्यानं स्पष्ट केलं, की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा वापर किंवा त्या धंद्यातली नोकरी ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीआड येऊ शकते. कोपऱ्यावरच्या दुकानात उघड विकलं जातं, मित्र घेतात, म्हणून ग्रीन कार्डवाल्या नातवानंही घेतलं. तोवर त्याला ठाऊकही नसतं, की एक दिवस एका टेबलापलीकडून कुणी तरी हे विचारणार आहे. तेव्हा खरं सांगावं तर नागरिकत्व अडतं, खोटं सांगावं तर शपथ मोडते. तो तिठा हाच. घरात हे वेळीच बोललेलं बरं.

तर या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? दोन गोष्टी, आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत.

पहिली नागरिकासाठी. त्या दुकानाच्या काउंटरवर तीन सरळ वाटा आहेत. गांजा सोडावा आणि मग बंदूक घ्यावी. बंदुकीचा नाद सोडावा. किंवा कायदा चुकीचा वाटत असेल तर नेवाडातल्या त्या महिलेसारखं न्यायालयात जावं, मतपेटीकडे जावं. चौथी वाट, म्हणजे ‘नाही’वर खूण करून सही ठोकणं, सगळ्यात सोपी आहे. आणि तिच्यासाठी कॉन्स्टंटचा आधार घेता येत नाही, कारण दारात उभा आहे तो खुनी नाही. बंदूक कुणाच्या हातात जाते आहे, हे विचारायचा समाजाला हक्क आहे.

दुसरी राज्यसंस्थेसाठी. जो प्रश्न तुम्ही पडताळू शकत नाही, ज्याचं खोटं उत्तर तुम्ही शंभरातून एकालाही धरत नाही, आणि ज्याचं खरं उत्तर देणाऱ्यालाच नेमकं गोत्यात आणता, तो प्रश्न हळूहळू लोकांना खोटं बोलायची सवय लावतो. शिवाय सवय एका चौकटीपुरती राहत नाही. ज्यानं गांजाच्या प्रश्नाला डोळे मिटून ‘नाही’ म्हटलं, तो पुढच्या प्रश्नावर डोळे उघडेल याची खात्री कोण देणार? १९६८ मध्ये याच कायद्याच्या दुसऱ्या भागात संसदेनं दाखवून दिलं होतं, की सत्य मागायचं तर सत्य सांगणाऱ्याला आधी अभय द्यावं. ती बुद्धी मशीनगनच्या बाबतीत सुचली, साध्या पिस्तुलाच्या बाबतीत सुचली नाही.

लिलबर्ननं मागितलं होतं ते एवढंच, की मला गप्प राहू द्या. आजचा फॉर्म ती मुभा देतो, हे कबूल करायलाच हवं. पण निव्वळ गप्प राहण्याच्या मुभेवर कुठल्याही समाजाचा व्यवहार उभा राहत नाही. त्याला खरं बोलणारी माणसं लागतात. आणि खरं बोलणारी माणसं हवी असतील, तर खरं बोललेल्या माणसाला निदान मान वर करून घरी जाता आलं पाहिजे.

आज इथं थांबू. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.